एका लुगड्याचा प्रवास

माझी लेक सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. तिला आठवा महिना लागला तेव्हा बाळंतपणाला मी जाणार, हे मी ठरवून टाकलं. तिनं लगेच तिकीट पाठवलं. मुलगा मात्र ते रद्द करायला निघाला होता. तुझे गुडघे गेलेत, शाळा चौथीपर्यंत, एकटी कशी जाशील, असं त्याचं म्हणणं.

आकडे मला वाचता येतात. बेंगळुरूहून दुपारी दोनला निघायचं, त्याच तारखेला संध्याकाळी साडेपाचला तिकडं उतरायचं. म्हणजे साडेतीन तास. मी त्याला सुनावलं, एवढ्या वेळात मी आपल्या बेळगावच्या वडगावातून निपाणीला जाते, नणंदेकडं चहा पिते आणि घरी परत येते. शेजारणींनाही तसंच सांगितलं.

मुलगा हसत सुटला. "आई, तिकडचं घड्याळ साडेबारा तास मागं हाय गं. सोळा तास बसायचं हाय तुला. जमणार व्हय?"

मी चुकले होते. तसं कबूल केलं. त्याला वाटलं, विषय मिटला. मी विचारलं, सोळा तास तिथं करायचं काय? म्हणाला, काही नाही, नुसतं बसायचं. जेवण? जागेवर आणून देतात.

"मग एक लुगडंच झालं की रं ते," मी म्हटलं.

त्याला फोड करून सांगावी लागली नाही. आमच्या घरात खड्डामाग होता. खड्ड्यात पाय सोडून मी दिवसाला आठ तास बसायची, दोन दिवसांत नऊवारी उतरायचं. असं चाळीस वर्षं. तो शिकला तो त्याच लुगड्यांवर, आणि मला जेवण कुणी हातात आणून दिलं नव्हतं. बेळगाव ते बेंगळुरूचं तिकीट मग त्यानंच काढलं.

विमानात चार तासांनी गुडघे ठणकायला लागले. मागाखालच्या फळ्या दाबाव्यात तसे मी पाय दाबत राहिले, एक उजवा, एक डावा. मनात लुगडं धरलं. शेजारचे साहेब झोपले, उठले, कंटाळले, पुन्हा झोपले. माझा पदर विमान उतरायच्या अर्धा तास आधीच विणून झाला.

लेकीनं माझ्यासाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती. मी तिच्यात पिशवी ठेवली आणि बाजूनं चालत निघाले. खुर्ची ढकलणारा माणूस पिशवीच घेऊन माझ्यामागं आला. बाहेर लेक पोट सांभाळत उभी होती. ती आधी हसली, मग रडली. मी तिला मुलाला फोन लावायला सांगितलं.

"पोचलीस? पाय कसं हायत?"

"चालत आले. तू बस की आता सोळा तास, बघू."

मी पोचल्यापासून नवव्या दिवशी नात झाली. तिची पहिली आंघोळ मीच घातली.