मावशींचा व्हिडिओ

"थोबाड फोडीन," असं म्हणतच मावशी माझ्या दुकानात शिरायच्या. राम राम त्यानंतर.

वेल्ह्यात बाजाराच्या टोकाला माझं दुकान. लग्नाचे व्हिडिओ जोडायचे, ऑनलाईन फॉर्म भरायचे आणि कुणी चुकून मागितलीच तर वेबसाईट करून द्यायची, हा माझा धंदा. पाटी वाचण्याआधी भांडण उकरून काढणारी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. मावशींचं वेगळं होतं. त्या फोडीन म्हणाल्या की फोडायच्या. त्यांच्या तंबूत दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी मेंढरं हाकायच्या काठीने पार पायथ्याच्या पाली गावापर्यंत हाणत आणलं होतं. त्याची सॅक तेवढी नीट खाली पोचवली.

पालीच्या वर, राजगडाच्या उतारावर चार घरांची त्यांची वाडी. नवरा गेल्यावर मेंढरं राखून त्यांनी संसार ओढला. पुढे घराजवळच्या सपाट तुकड्यावर गडाला येणाऱ्यांसाठी सहा तंबू टाकले. तो तुकडा आपला आहे असं त्यांच्या दिराचं म्हणणं. कागद मावशींच्या नावावर होता, पण दीर कागद बघणाऱ्यातला नव्हता. दोनदा कुऱ्हाड घेऊन आला होता.

"मान्सं येत ऱ्हायली तर त्यो यायचा न्हाई," मावशी म्हणाल्या. "चार लोकांच्या म्होरं हात उचलाया भितोय. म्हनून मला ती यबसाईट पायजे."

मी सुचवलं, पहिल्या पानावर गड दाखवू, सूर्योदय दाखवू, चुलीवरची भाकरी दाखवू.

"भाकर कुटं बी मिळती. माजा मेंढा टाक. बगनाऱ्याचं टाळकं हाललं पायजे."

त्यांनी स्वतःच्या फोनवर व्हिडिओ काढून आणला होता. दोन मेंढे मागे मागे जातात, थांबतात आणि धावत येऊन कपाळावर कपाळ आपटतात. आवाज असा की शेजारचा चहावाला बघायला आला. मी तो वेबसाईटवर चढवला. माझ्याकडे झकास चालला. मावशींनी मात्र वाडीवर जाऊन शेजाऱ्याच्या जुन्या मोबाईलवर लावून पाहिला, तर पडदा काळा आणि नुसती धडाधड आपटाआपट. दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने त्या हजर.

मी समजावलं. तुमच्या नव्या फोनने व्हिडिओ नव्या पद्धतीने दाबून भरलाय, तो जुन्या फोनला उलगडत नाही. फाईलचं नाव दोन्हीकडे एमपीफोरच, आतली भरणी निराळी.

"मंजी डबा त्योच, कालवान येगळं," मावशी म्हणाल्या. मला हे कळायला कॉलेजात अख्खं वर्ष लागलं होतं.

सगळ्यांना उलगडेल अशा जुन्या पद्धतीत व्हिडिओ बदलायला कन्व्हर्टर लागतो. मी शहाण्याने फुकटातला उतरवला. व्हिडिओ बदलला, चालला, पण मेंढ्याच्या ऐन कपाळावर त्या कन्व्हर्टरचं नाव पांढऱ्या अक्षरांत उमटलं.

मावशींना अक्षर वाचता येत नव्हतं, पण खूण कळत होती. त्यांच्याकडे प्रत्येक कळपाची खूण ठरलेली. मावशींची म्हणजे उजव्या कानाला खाच आणि पाठीवर हिरवा पट्टा. दुसऱ्याच्या जनावरावर आपली खूण करणं म्हणजे उघड चोरी. दिराने एकदा त्यांच्या तीन मेंढ्यांना आपला लाल पट्टा ओढला होता, तेव्हा मावशींनी त्याचे दोन दात पाडले होते.

"कुनाची खून हाय ही?"

"मावशी, ते कंपनीचं नाव आहे. फुकटातलं आहे ना, म्हणून..."

"उंद्या ती कंपनी म्हनल, मेंढा माजा!"

आणि त्यांनी पाण्याने भरलेला तांब्या उचलून पडद्यावर फेकला. पडदा मधोमध तडकला. मीही चिडलो, नको ते बोललो, त्यांना हाकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या आणि टेबलावर खरवसाचा डबा आपटला. "खा. काल तू उपाशी व्हतास आन म्या तुज्या पडद्यावर तांब्या टाकला. वंगाळ झालं." मी पडदा बदलला, चांगला कन्व्हर्टर विकत घेतला, व्हिडिओ स्वच्छ बदलून दिला. महिनाभरात तंबू भरायला लागले. खरं सांगतो, त्या बाईचा मला लळा लागला होता.

मग एका मंगळवारी, तंबूत एकही पाहुणा नसताना, दीर आला. टेम्पोतून चौघांना घेऊन. मावशी मेंढ्याचा नवा व्हिडिओ काढत होत्या. फोन हातात धरायचा नाही, दगडाला टेकवून ठेवायचा, हे मीच शिकवलेलं. त्यामुळे सगळं व्हिडिओत सापडलं. त्या पाचांनी तंबू फाडले, मेंढ्याच्या मानेवर कुऱ्हाड घातली. मावशींनी कोयत्याने दिराचं मनगट चिरलं, तेव्हा मागून कुणीतरी त्यांच्या डोक्यात पहार घातली.

मावशी जीपने थेट दुकानात आल्या. पदर डोक्याला आवळून बांधलेला, रक्त मानेवर सुकलेलं.

"समदं घावलंय ह्यात," फोन पुढे करत त्या म्हणाल्या. "पोलिसात द्यायचंय. तितल्या कम्प्युटरवर काळं दिसलं तर त्यो सुटला. आदी ह्ये कालवान बदल."

"मावशी, आधी दवाखान्यात चला."

"थोबाड फोडीन. आदी ह्ये."

मी बसलो. कोर्टात चेहरे स्पष्ट दिसायला हवेत म्हणून सगळ्यात चांगला दर्जा निवडला. तो सगळ्यात सावकाश होतो. मशीन जुनं. मावशी भिंतीला टेकून पडद्यावर हळूहळू भरत जाणारी हिरवी पट्टी पाहत होत्या.

"किती झालं?"

"निम्मं."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग विचारायच्या थांबल्या. डोळा लागला असं मला वाटलं. फाईल पूर्ण झाल्यावर मी हाक मारली, खांदा हलवला. त्या एका बाजूला कलंडल्या.

पुण्याला नेलं. डोक्यात आत रक्त साचत गेलं होतं. एक तास आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी मावशी गेल्या.

पोलिसांनी फोनच ताब्यात घेतला. त्यांना मूळ व्हिडिओ हवा होता, तो जसा होता तसा त्यांच्याकडे चालला. दीर आणि ते चौघे आत आहेत. मी बदललेली फाईल कुणी मागितली नाही, कुणी उघडून पाहिली नाही.

त्या फाईलला चाळीस मिनिटं लागली होती. तेवढ्या वेळात मी मावशींकडे दोनदा पाहिलं. बाकी सगळा वेळ पट्टीकडे बघत होतो.