गावानं न केलेला ठराव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण— नाही, कारण वगैरे काही नाही. सांगतो.

लॉकडाऊनच्या वेळी मी उमरोळीजवळच्या एका गावाचा सरपंच होतो. बोईसरच्या कारखान्यांत राबणारी काही बिहारी कुटुंबं गावाच्या कडेच्या चाळीत भाड्यानं राहायची. कारखाने बंद पडले. यांच्यामुळे गावात रोग शिरेल— ही भीती कुणाची होती? माझी. गावात तसं कुणी बोललंही नव्हतं.

एका दुपारी चाळीसमोर उभा राहून मी सांगितलं, "गाव का फैसला है. आप लोगों को जाना पड़ेगा."

लेथवर काम करणारा रामसकल पुढे आला. त्याची बायको गरोदर होती.

"सबने बोला, साहब?"

"सबने."

कुणीच बोललं नव्हतं. मी कुणाला फोनसुद्धा केला नव्हता. रामसकलनं वाद घातला नाही. अख्ख्या गावाशी कोण वाद घालणार? माझं एकट्याचं मत म्हणून सांगितलं असतं तर तो भांडला असता— हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच तर गावाचं नाव घेतलं. दिवस मावळायच्या आत ती माणसं बोचकी घेऊन हायवेच्या दिशेनं चालू लागली.

पुढे बंदी उठली, ग्रामसभा भरली. भाजी विकणारी हिराबाई उभी राहिली.

"ती चाळीतली माणसं कुठं गेली? पोर पोटुशी व्हती. तिच्यासाठी घरातली खोली रिकामी केली, सांगायला गेले तर चाळीला कुलूप. आमाला कोनी इचारलंच नाय."

मागून आवाज आले, "आमी पन तांदूळ काढून ठेवला व्हता."

मी काय म्हणालो? "त्यांनाच घरी जायचं होतं." लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या निवडणुकीत मला परत निवडूनही दिलं.

एवढ्या मोठ्या, नाना भाषांच्या देशात संकटाच्या वेळी लोकांना विचारत बसता येत नाही— असं मी भाषणांत ठासून सांगत आलो. खोटं आहे ते. देवळावर भोंगा होता, घरोघरी मोबाइल होते. विचारायला कितीसा वेळ लागला असता? लोकशाही संकटातही चालते, याची मला पक्की खात्री आहे. कुणी न सांगता हिराबाईनं खोली रिकामी केली, बाकीच्यांनी तांदूळ काढला; गावाचं मत तयारच होतं, फक्त विचारायचं होतं. मी विचारलं असतं तर गाव 'राहू द्या' म्हणालं असतं. आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

रामसकल आजही कुठेतरी सांगत असेल, त्या गावानं आम्हाला हाकललं.

गावानं नाही. मी.