गोळी पडते ती जागा

थोरला भाऊ, आमचा अण्णा, गेला त्या वर्षी त्याचं पिनबॉलचं यंत्र नीट करायचं काम माझ्याकडे आलं. घरात शिकलेला मी एकटाच, एवढंच कारण. बेळगावच्या कॅम्पातला एक क्लब बंद पडला तेव्हा अण्णानं ते उचललं होतं. निपाणी-चिकोडीकडच्या जत्रांत तो ते मांडायचा; पैसे देऊन लोक त्यात गोळी उडवत खेळायचे. आता वहिनी मांडणार होती. घर त्यावरच चालायचं आणि जत्रा चार दिवसांवर आली होती.

काचेखालच्या फळीवरचं रंगीत चित्र झिजलं होतं. गोळी खाली पडते त्या तोंडाशी तर लाकूड उघडं पडलेलं. तिथं मी ऑइल पेंट दिला. दोन दिवस झाले तरी तो बोटाला लागत होता. वडगावातल्या आमच्या गल्लीत विणकरांच्या मागांची खडखड चालू असायची आणि मी फळीवर फुंकर घालत बसायचो.

"भावजी, वाळलं का न्हाय?"

"वाळतंय."

"काल बी वाळतच हुतं की."

कारण मला कळलं होतं, सांगवत नव्हतं. दर खंडेनवमीला घरोघरी मागांची पूजा व्हायची, तशी अण्णा यंत्राची करायचा. काच काढून नेमक्या त्याच जागी तेलात कालवलेल्या कुंकवाची तीन बोटं ओढायचा. लाकडानं वर्षानुवर्षं तेल प्यायलं होतं. ते घासून काढल्याशिवाय रंग धरणार नव्हता. पण ओला रंग पुसला की खालून त्याची तीन बोटं स्पष्ट दिसायची. पॉलिश पेपर हातात घेऊन मी दोनदा खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी वहिनीला सगळं सांगितलं.

"लाकडाला कशाला तेल पाजतासा, म्हणून लई सांगितलं. ऐकतंय कोण! आना हिकडं."

तिनं स्वतः घासलं. दोन बोटं गेली. मग पेपर माझ्याकडे सरकवला. "ऱ्हायलेलं तुमी करा."

मी केलं. लाल भुसा तिनं कागदावर झाडून घेतला. कुठं ठेवला, ते मी कधी विचारलं नाही.

त्याच रात्री पुन्हा दिलेला रंग या खेपेला वाळला. जत्रेत पहिली गोळी त्या जागेवरून सरळ गेली, तरी रंग उचकटेल या धास्तीनं मी दिवसभर काचेजवळून हललो नाही.

दुखवट्याचं वर्ष सरल्यावरच्या नवमीला वहिनीनं कुंकू कालवलं. काच उघडली नाही. यंत्राच्या लोखंडी पायावर तीन बोटं ओढली आणि उरलेलं तेल दिव्यात घातलं.