शेवटच्या बांधीपासून

माझ्या धाकट्या भावाचा अल्बम इंटरनेटवर एकाच लांब तुकड्यात आहे. त्याची वेगवेगळी गाणी करून द्या, असे फोन अजून येतात. मी नाही म्हणते. पुन्हा फोन आला तर पुन्हा नाही म्हणते. तो मागच्या पावसाळ्यात काविळीनं गेला. त्याच्या वतीनं नाही म्हणायचं काम आता माझ्याकडे आहे.

तो झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचा. गोंदियात कॉलेजला असताना एका मित्राच्या खोलीवर त्यानं प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकलं आणि घरी येऊन मला समजावत बसला. मी शाळेची ग्रंथपाल, मला गाण्यातलं काय कळणार! अख्ख्या अल्बमभर एकच गोष्ट असते म्हणे. एका गाण्यातून दुसरं निघतं, मध्ये थांबतच नाही.

"एवढं लांब कोण ऐकेल?" मी विचारलं.

"आपली दंडार रातभर आयकतेत ना लोकं? तवा कोनी घड्याळ पायते का वो?"

गोष्ट त्यानं आमच्या गावच्या तलावाची घेतली. आमच्याकडे धानाला पाणी देण्याची एक जुनी रीत आहे. टंचाईच्या साली तलावाचं पाणी आधी सगळ्यात दूरच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला जातं, मग एकेक शेत भरत तलावाच्या बांधाकडे, पाळीकडे येतं. तलावाला लागून असलेल्यांनी आधी घेतलं तर टोकाला काही पोचत नाही. जवळचे कुरकुरतात, पण थांबतात.

भावानं अल्बम त्याच क्रमानं बांधला. सुरुवात शेवटच्या बांधीपासून. भेगाळलेली जमीन, ऑर्गनचा एकच सूर, मध्येच गिटारची एखादी तार. बराच वेळ एवढंच. मग पाणी येतं. ढोलकी येते, ड्रम येतात, आणि पाळीशी पोचेपर्यंत सगळी वाद्यं तुडुंब होतात.

रेकॉर्डिंग एका बंद राइस मिलच्या गोदामात झालं. भिंतींना कोंड्याची पोती लावली की आवाज घुमत नाही, ही त्याची युक्ती. कोंड्याच्या धुळीनं ड्रम वाजवणारा मात्र सारखा शिंकायचा. त्याची एक शिंक पहिल्या भागात आली. मी म्हटलं, काढून टाक. भाऊ म्हणाला, "राहू दे. त्या बांधीत बी माणूस हाय." शब्द आम्ही दोघांनी लिहिले. माझी ओळ वाचून तो म्हणायचा, "हे पेपरात छापाले ठीक हाय," आणि झाडी बोलीत बदलून टाकायचा. मी चिडायची. बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं. नेहमी नाही.

सगळं तयार झालं आणि तो आजारी पडला.

तेरवीच्या पंगती उठल्यावर आमचा गायक, त्याचा लहानपणापासूनचा मित्र, माझ्याजवळ येऊन बसला. नागपूरच्या एका कंपनीला अल्बम हवा होता. शेवटचा ठेक्याचा भाग आधी घ्यायचा आणि पहिला भाग काढून टाकायचा, ही अट.

"ताई, त्या पहिल्या भागात काईच होत नाई वो."

"त्या भागावर तो सगळ्यात जास्त राबला."

"तो तं चालला गेला. आमाले वाजवूनच पोट भरा लागते." एवढं बोलून तो रडायला लागला. मीही रडले. रडून झाल्यावर म्हटलं, "नाही."

"काऊन वो?"

"जवळच्या बांधीले आधी पाणी देऊन रायला तू."

तो उठून गेला. पुढं बरेच दिवस बोलला नाही.

दिवाळीनंतर गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, भावाच्या आठवणीत त्याचं संगीत लावायचं ठरलं. "तो नाचाचा भाग लावू," मंडईचे अध्यक्ष म्हणाले. मी सांगितलं, पहिल्यापासून लावणार असाल तर पेन ड्राइव्ह देते, नाहीतर घरी नेते. भाऊ गमावलेल्या बाईशी कोण वाद घालणार? त्यांनी मान डोलावली.

दुपारी भोंग्यांतून तो एकटा सूर सुरू झाला. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"मशीन बिगडली का बे?"

"बॅटरी उतरली असन."

डीजेवाला गोंदियाचा. त्याचा हात गाणं पुढं ढकलायला निघाला. "दीदी, पब्लिक उठ जाएगी."

"उठने दो," मी म्हटलं आणि त्याच्या मशीनसमोर उभी राहिले. चार माणसांत मी कधी मोठ्यानं बोललेली नाही. अर्धी माणसं खरंच उठून जिलेबीच्या दुकानाकडे गेली. शिंक आली तेव्हा पोरं खो-खो हसली. हसू दे. गर्दीच्या कडेला गायक हाताची घडी घालून उभा होता. तो हसला नाही आणि गेलाही नाही.

मग ढोलकी आली. उठलेले परतले. ड्रम आले तशी पोरं पुढं सरकली, आणि शेवटच्या भागात मंडपात धूळ उडेपर्यंत नाच झाला. संपल्यावर एकच ओरडा, "फिरून लाव! फिरून लाव!"

गायक घामेजून माझ्यापर्यंत आला. तेरवीनंतर पहिल्यांदाच बोलला. "ताई, हा शेवटचा तरी फिरून लाव. लोकं मांगून रायले."

"लावते की. पण पहिल्यापासून."

मग त्यानं डीजेवाल्याच्या हातातला माइक ओढून घेतला.

"बसा बे सारे," तो ओरडला. "पयल्यापासून हाय."

कोणीतरी शिवी हासडली. खुर्च्या सरकल्या. डीजेवाल्यानं कपाळाला हात लावला आणि बटण दाबलं.