तिनं परत आणलेली पिशवी

नव्या मांजरपाटाचा वास आला की मला सेलूच्या वाचनालयातली ती दुपार आठवते. अजून शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी आम्ही घरी न्यायच्या मांजरपाटाच्या कापडी पिशव्या तयार केल्या होत्या. प्रत्येकीत चित्रांची दोन पुस्तकं, अक्षरांचे पुठ्ठे, पाटी, आणि आईनं मुलाला रोज कसं वाचून दाखवावं याचा मी लिहिलेला कागद. त्या दुपारी वालूरची एक बाई तीनेक वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "घ्या ताई, आमच्या कामाची न्हाई." मी कारण विचारलं, तर खाली बघत बोलली, "वाचून दाखवा म्हणून लिवलंय म्हणं त्या कागदावर. मला कुठं वाचता येतंय? पोरीला हातसुदिक लावू दिला न्हाई." मी एक पुस्तक उघडलं, शेळीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही काय करायलीय?" "चरायलीय," ती म्हणाली, मग मुलीकडं वळली, "बघ, आपल्या शेळीवानी पाला खायलीय. लय खादाड हाय." मुलगी कडेवरूनच वाकली आणि तिनं चित्रावर हात ठेवला. "घरी एवढंच करायचं," मी म्हणाले. ती बाई पिशवी पुन्हा घरी घेऊन गेली. संध्याकाळी बसून मी उरलेल्या सगळ्या पिशव्यांतले कागद काढून टाकले. पण त्याआधीही काही पिशव्या अशाच न हाताळलेल्या परत आल्या होत्या, आणि बायका वस्तू किती जपतात म्हणून मी खूश झाले होते. त्या बायका पुन्हा वाचनालयात आल्या नाहीत.