पालखीनं ओढ घेतली

राजा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हत्ती-घोडे येत असतील. आमच्या राजाकडे एक लांबलचक पांढरी गाडी होती आणि ती आमच्या गल्लीत शिरत नसे, एवढंच त्याचं वैभव. पनवेलच्या बाजूला उंच इमारतींच्या मधोमध आमचं गाव अजून कसंबसं उरलंय. बाहेर निवडणुका होतात, माणसं पडतात, निवडून येतात. गावकीचा प्रमुख मात्र बापामागून मुलगा, असंच चालत आलेलं. म्हातारा वारला, तेराव्याला मुलाच्या डोक्याला पागोटं बांधलं, झाला राजा. सगळे त्याला 'राजे' म्हणायला लागले. कुणी विचारलं नाही, हा का म्हणून? मीपण त्या दिवशी पोटभर जेवून, पान खाऊन घरी आले, तेव्हा दुसऱ्यांना काय बोलू?

मी शाळेची पायरी चढले नाही. नातीची पुस्तकं चाळता चाळता वाचायला शिकले. तिच्या इतिहासात कुठल्याशा परदेशातल्या राजाचा धडा होता आणि खाली प्रश्न, 'उठावाची कारणे लिहा.' नातीनं पाच मुद्दे लिहिले. मला विचाराल तर कारण एकच पुरतं. लोकांना उन्हात फार वेळ उभं करा, बस.

आता उन्हाचं सांगते. चैत्रात आमच्या गावदेवीची जत्रा. सकाळी देवळातून पालखी निघते, दारोदार थांबते, बायका देवीची ओटी भरतात. पहिला मान राजाच्या दाराचा. बरं, एक ओटी भरायला वेळ तो किती लागतो? पण तिथे आधी राणीसाहेब, मग त्यांच्या बहिणी, मग सफारीतले बिल्डर पाहुणे, मग सगळ्यांचे फोटो, आणि आता तर डोक्यावर घोंघावणारं ते ड्रोन. तीन-तीन तास देवी तिथेच, आणि गाव उन्हात. कुणी कुजबुजलं की राजे छातीशी हात जोडायचे.

"मी कोन थांबवनारा? देवी माज्या दारात जड होते. तिची मर्जी."

आमच्यात मानतात तसं. पालखी जड होते, ओढ घेते, आणि ती ओढेल तिकडे खांदेकऱ्यांनी जायचं. मीही मानते. फक्त गालिचा अंथरलेल्या दारातच देवी जड कशी होते, हे मला कळत नव्हतं.

आमची गल्ली शेवटची, खाडीकडची. आमच्याकडे पालखी दिवेलागणीला यायची, तीही पळत. गेली दोन वर्षं तर आलीच नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून अर्धा नारळ आला, प्रसाद म्हणून. माझ्या थोरल्या जावेनं ती पिशवी हातात घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चार वर्षं खाटेला खिळलेली बाई. या घरात नवरी म्हणून आली तेव्हापासून, पालखी येत होती तोवर, तिनं देवीची ओटी चुकवली नव्हती. यंदा होळी झाल्यावर मला म्हणाली, "गो, या वर्साला पन नाय आली, तर फुडल्या वर्साला मी हाय का नाय कोन जाने?" ओटीचा खण उशीखाली घडी घालून ठेवला होता तिनं.

आम्ही पाचजणी राजवाड्यावर गेलो. म्हणजे तिमजली बंगला, बाहेर दोन सिमेंटचे सिंह. राजे झोपाळ्यावर मोबाइल बघत होते.

"या काकी, चा घ्या."

चहा चांगला होता, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "यंदा पालखी आधी आमच्या गल्लीत येऊ द्या. जाऊबाय खाटेवर हाय."

"काकी, रूट वरून ठरतो."

"वरून म्हंजे कोनाकडून?"

राजांनी छताकडे बोट दाखवलं. तिथे पंखा फिरत होता. मग म्हणाले, "जाऊबायला इकडं आना ना! गाडी पाठवतो."

जी गाडी गल्लीत शिरत नाही, ती. आणि खाटेवरच्या म्हातारीनं गालिच्यावर येऊन राणीच्या बहिणींमागे रांग लावायची! आम्ही कप खाली ठेवले आणि निघालो.

जत्रेच्या आदल्या दिवशी शेजारच्या अंगणात सगळ्या बायका तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसल्या. आमच्या गावात जी काय राज्यं उलथायची ती भाकऱ्या थापतानाच.

"तुजा पोरगा खांदा देतो ना गो?" मी एकीला विचारलं.

"देतो. पन राजाची खडी त्याच्याच डंपरात जाते. तो कशाला वाकडा जाईल?"

"मंग उद्या राजाकडंच भाकरी खा म्हनावं," पलीकडची म्हणाली.

हसलो सगळ्या. हसता हसता एकमेकींकडे बघितलं आणि हसू थांबलं. चार खांदेकरी, चौघांच्या आया त्याच अंगणात. त्या संध्याकाळी चार घरांत एकच बोलणं झालं, पालखीनं ओढ घेतली तर घरात भाकरी आहे.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत पालखी नाक्यावर आली. उजवीकडे गालिचा, डावीकडे आमची गल्ली. पुढच्या दांड्याला माझा मुलगा. त्याला शाळेच्या नाटकात झाडाचंसुद्धा काम जमलं नव्हतं. तीन पावलं ते उजवीकडे गेले, थांबले. एकदम मुलाचे गुडघे वाकले. "ओढतेय रं!" ओरडला, आणि पालखी गर्रकन डावीकडे फिरली. ठरलं होतं चालत वळायचं, पण हे चौघे धावत सुटले. सगळं माहीत असून माझ्या अंगावर काटा आला. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, आमी वळवली का तिनं ओढली, मला नाय कळलं."

राजे गालिच्यावरून धावत आले. चपला तिकडेच.

"थांबवा! अरे थांबवा तिला!"

आमचा म्हातारा पुजारी शांतपणे म्हणाला, "राजे, आपुन कोन थांबवनारे?"

कुणीतरी खोकल्यासारखं केलं आणि अख्खा नाका फुटला. राजे तापल्या डांबरावर पाय उचलत पालखीच्या मागे आले. दुसरं काय करणार? इतकी वर्षं त्यांनीच तर सगळ्या गावाला शिकवलं होतं.

जावेच्या दारात पालखी टेकवली. आम्ही तिला खाटेसकट ओटीवर आणली. तिनं देवीकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

"माजे दात आना गो. देवीम्होरं बोळकी नाय बसनार मी."

दात शोधायला सून आत पळाली. सापडेनात. वाजंत्री थांबली, गाव थांबलं, ड्रोनसुद्धा वर टांगून राहिलं. जावेची अधू नजर घामेजलेल्या राजांवर गेली.

"हा कोन?"

मी त्याच्या बापाचं नाव सांगितलं.

"त्याचा पोर? मंग उन्हात कशाला उबा? सावलीला बस रं बाबा. मला येळ लागंल."

राजे पायरीवर बसले. दात आले, तिनं ते धुऊन बसवले, खण उलगडला. मग मुठीमुठीनं तांदूळ देवीच्या ओटीत घालायला लागली. तिसऱ्या मुठीला अर्धे दाणे खाली सांडले. तिनं ते एकेक करून वेचले, आणि पुन्हा पहिल्या मुठीपासून सुरुवात केली.