तीन सेकंदांची हिरवी पट्टी

ती पट्टी माझीच. वेबसाइटवर फॉर्म भरला, बटण दाबलं की वरून हिरवी पट्टी यावी, काम झाल्याचं सांगावं आणि तीन सेकंदांत निघून जावी. घाई असेल त्यानं बोट लावलं तर त्याआधीच जावी, हे डोकंही माझंच. आमच्या धंद्यात तिला टोस्ट म्हणतात. आईला हे सांगितलं असतं तर तिनं चहाच टाकला असता.

मी हिंजवडीला नोकरी करते आणि शनिवार-रविवार गावी, माल्याला घरी येते. त्या वर्षी आमच्या टीमकडे तालुक्यातल्या नेत्रशिबिराच्या नावनोंदणीचं काम आलं होतं. आणि आमच्याच घरात आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याला आता उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दोन वर्षं मी तिच्या मागे लागले होते. आधी लावणी आडवी आली, मग म्हैस व्यायला झाली, मग कुणाचं तरी लग्न. एकदा चहा कपात ओतताना तिनं सगळा हातावर ओतून घेतला, तेव्हा कुठं बाई तयार झाली.

मला लई हौस. म्हटलं, नाव तुझं तूच घाल, माझ्या पानावर. आई चाळिशीत, संध्याकाळच्या वर्गात वाचायला शिकली. अक्षराखाली बोट ठेवल्याशिवाय तिला वाचताच येत नाही, मग ते देवाचं पुस्तक असो की बसची पाटी. हे मला तेव्हापासून माहीत होतं. तिच्या हातात फोन देऊन मी ऑफिसच्या कॉलवर बोलायला अंगणात गेले. परत आले तर फोन उशाखाली आणि ती तांदूळ निवडत बसलेली. झालं का विचारलं, तर मान हलवली. ती हो म्हणत होती की नाही, हे बघायला मी थांबले नाही.

शिबिर गुरुवारी होतं. संध्याकाळी ऑफिसातून फोन केला, तर म्हणाली, गेलेच न्हाई. माझं डोकंच फिरलं. नाही नाही ते बोलले. भित्री आहेस, आंधळी होऊन बसलीस की माझ्याकडे बघू नकोस, असंही बोलले. ती फक्त म्हणाली, "व्हय गं, भ्याले." मी फोन आपटला.

शनिवारी घरी आले ती तोंड फुगवूनच. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि नोंदणीची यादी तिच्यापुढं धरली. चौदा नंबरला तिचं नाव होतं. हे बघ, म्हटलं, नंबर लागला होता तुझा. ती यादीकडं बघतच राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "म्हंजी पुसलं न्हवतं व्हय ते?"

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. हिरवं काहीतरी आलं होतं. 'तुमची' एवढं वाचून तिनं बोट पुढं नेलं आणि ते गेलं. तिला वाटलं, आपल्या हातानं आपलंच नाव पुसलं गेलं.

मग मला सांगितलं का नाहीस, असं मी ओरडूनच विचारलं.

"तू फोनवर व्हतीस. आन् तुझं काम माज्या हातनं बिघडलं, हे तुझ्या साहेबाला कळलं असतं तर? त्यापरीस भ्याले म्हनलेलं बरं."

आई गं! मी तिला भित्री म्हणाले आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून ती गप्प ऐकून घेत राहिली. मला तिथंच रडू आलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि वर चिडवलंही, की ती पट्टी तुझ्यावानीच हाय, बोलती आन् लगेच जाती.

रविवारचा दिवस त्यातच गेला. तीन सेकंद काढून टाकले. बोट लागलं तरी पट्टी जागची हलणार नाही असं केलं आणि खाली एक बटण दिलं, 'वाचलं'. ते दाबेपर्यंत ती जाणार नाही. सोमवारी साहेब म्हणाले, हे कशाला, लोक वैतागतील. वैतागू देत, म्हटलं, आणि पुढचा अर्धा तास भांडले. पट्टी राहिली.

पुढचं शिबिर दोन महिन्यांनी आलं. तोवर उजव्या डोळ्यानं तिला दारातलं माणूस ओळखू येईना. नाव तिनंच घातलं. या वेळी मी शेजारी बसले होते. ऑफिसचा फोन वाजला, वाजू दिला. पट्टी आली. आईनं डावा डोळा जवळ नेला आणि काचेवर बोट टेकवलं. तुमची. नोंदणी. झाली. आहे. प्रत्येक शब्दाला दम घेत ती शेवटापर्यंत गेली आणि पट्टी तिथंच होती.

आता 'वाचलं' दाब, मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दी जरा," ती म्हणाली. "तुझं काम हाय ना ते? कवा बघितलंच न्हाई म्या."

बघता बघता फोनची काच काळी झाली. तिनं ती पदरानं पुसली आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, पुन्यांदा लाव.